तीन दरपत्रकं, एक तक्ता: स्प्रेडशीटमधला सर्वांत कमी दर शोधून ठळक कसा करायचा

गृहनिर्माण संस्थेने इमारतीचं रंगकाम काढलं की कमिटीच्या हातात तीन-चार ठेकेदारांची दरपत्रकं येतात. कुणी लेटरहेडवर टाइप करून देतो, कुणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, कुणी फोनवर दर सांगतो आणि ते कुणीतरी वहीत उतरवून घेतं. सगळं एका तक्त्यात बसवायचं, प्रत्येक कामाचा सर्वांत कमी दर रंगवायचा आणि तो तक्ता सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा, हे काम बहुधा सचिवाकडे किंवा 'तुला कॉम्प्युटर येतो ना' असं ज्याला म्हटलं जातं त्याच्याकडे येतं.

स्प्रेडशीटमध्ये कमीत कमी आकड्याला रंग द्यायला दोन मिनिटं पुरतात. पण एकदा चौकट हिरवी झाली की सभेत तीच डोळ्यांत भरते आणि बाकीचे आकडे फारसं कुणी वाचत नाही. त्या हिरव्या चौकटीवर लाखोंच्या खर्चाचा निर्णय होतो. म्हणून रंग कसा भरायचा याइतकंच, किंबहुना जास्तच, रंग योग्य आकड्यावर पडावा म्हणून आधी काय करायचं यावर मी इथे लिहिणार आहे.

एक सूचना आधीच. सूत्रं आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे. काही संगणकांवर सूत्रातल्या स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. सूत्र बरोबर असूनही चूक दाखवत असेल तर आधी ते बदलून बघा.

तक्त्याची मांडणी

एकाच फाइलमध्ये दोन शीट करा. पहिल्याचं नाव 'मूळ दर', दुसऱ्याचं 'तुलना'. मूळ दर या शीटमध्ये ठेकेदाराने जे लिहून दिलं तेच उतरवायचं, त्यात काहीही बदलायचं नाही. पुढे कुणी विचारलं की 'हा आकडा कुठून आला', तर दाखवायला मूळ जागेवर असलं पाहिजे.

दोन्ही शीटची रचना सारखी ठेवा. ए रकान्यात कामाचं नाव, बी मध्ये एकक, सी मध्ये परिमाण, आणि डी, ई, एफ मध्ये तीन ठेकेदारांचे दर. पहिली ओळ शीर्षकांची. दुसऱ्या ओळीपासून कामं: जुना रंग खरवडणे, भेगा भरणे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्रायमर आणि बाहेरच्या रंगाचे दोन हात, टाकीचं वॉटरप्रूफिंग, पाइप बदलणे, परांची, राडारोडा उचलणे. अशी आठ कामं धरली तर आकडे डी२ पासून एफ९ पर्यंत येतात. परांचीसारखं काम ठोक रकमेत असेल तर त्याचं परिमाण १ धरा. तक्त्यात मर्ज केलेल्या चौकटी ठेवू नका. दिसायला त्या नेटक्या दिसतात, पण सूत्र खाली ओढताना आणि तक्ता सॉर्ट करताना अडवतात.

आकडा आहे की आकड्यासारखा दिसणारा मजकूर

आपल्याकडे रक्कम लिहिताना शेवटी '/-' घालायची पद्धत आहे. कागदावर ती चांगलीच, कारण मागून कुणाला आकडा वाढवता येत नाही. स्प्रेडशीटला मात्र '८५/-' हा आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. आणि सर्वांत कमी आकडा शोधणारं मिन हे फंक्शन मजकुराकडे सरळ दुर्लक्ष करतं. म्हणजे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ८५ हा दर खरोखर सर्वांत कमी असला, तरी '८५/-' असा लिहिल्यामुळे तो स्पर्धेतूनच बाद होतो आणि ९५ वर रंग पडतो. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही.

ओळखायचं कसं? चौकटीचं अलाइनमेंट कुणी हाताने बदललेलं नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसेल, आणि ठेवूही नये, तर कुठल्याही रिकाम्या चौकटीत ही दोन सूत्रं टाका:

=काउंटए(डी२:डी९)
=काउंट(डी२:डी९)

पहिलं सूत्र भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं, दुसरं फक्त खरे आकडे. दोन्ही उत्तरं सारखी आली नाहीत, तर जेवढा फरक तेवढ्या चौकटींत मजकूर आहे. प्रत्येक ठेकेदाराच्या रकान्यासाठी हे करा.

मजकुराचा आकडा करायचा असेल तर फाइंड अँड रिप्लेस उघडा, शोधायच्या जागी '/-' लिहा, बदलायच्या जागी काहीही लिहू नका आणि रिप्लेस ऑल करा. 'रु.' आणि रुपयाचं चिन्ह असंच काढा. मूळ शीटमध्ये बदल नको म्हटलं होतं, त्याला एवढा अपवाद चालेल, कारण दर बदलत नाही, फक्त लिहिण्याची पद्धत बदलते. '/-' दिसायला हवंच असेल तर फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम निवडून ०"/-" असा नमुना द्या. मग चौकटीत आकडा राहतो आणि चिन्ह फक्त डोळ्यांना दिसतं.

इतकं करूनही एखादी चौकट ऐकत नसेल, तर त्यात बहुधा न दिसणारी मोकळी जागा असते. वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या आकड्यांत ती वारंवार येते. साधी मोकळी जागा ट्रिम या फंक्शनने जाते, पण ही विशिष्ट प्रकारची जागा ट्रिमला जुमानत नाही. तिच्यासाठी =सबस्टिट्यूट(डी२,कॅर(१६०),"")*१ असं सूत्र लागतं (कॅर म्हणजे CHAR). शेवटचं *१ विसरू नका, नाहीतर उत्तर मजकूरच राहतं. आठ-दहा चौकटींचा प्रश्न असेल तर सरळ पुसून आकडा पुन्हा टाइप करा, ते लवकर होतं.

एकाच मापावर आणल्याशिवाय तुलना करू नका

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती तुमच्यासाठी करत नाही.

जुना रंग खरवडण्याचं काम घ्या. पहिला ठेकेदार ८ रुपये चौरस फूट म्हणतो. दुसरा ७०० रुपये ब्रास. तिसऱ्याने ८० रुपये चौरस मीटर लिहिलंय. आकडे तसेच तक्त्यात टाकले तर ८ वर हिरवा रंग पडणार. आता क्षेत्रफळाच्या कामात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, म्हणजे दुसऱ्याचा दर ७ रुपये फूट झाला. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे तिसऱ्याचा दर साधारण ७.४३. ज्याच्यावर हिरवा रंग पडला तो तिघांत सर्वांत महाग निघाला.

कराचंही तसंच. बाहेरच्या रंगाला एकजण २१ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी सांगतो, दुसरा २४ रुपये सर्व करांसह. २१ ला १.१८ ने गुणलं की २४.७८ होतात. संस्थेच्या खात्यातून जाणारी रक्कम २४ वाल्याची कमी आहे. ठेकेदाराची जीएसटी नोंदणीच नसेल तर तो कर लावू शकत नाही, त्याचा दर आहे तसाच धरायचा. दरपत्रकात कराबद्दल एक अक्षरही नसेल, तर फोन करून न थांबता लेखी विचारा.

हे रूपांतर 'तुलना' या शीटवर करायचं. प्रत्येक चौकटीत मूळ शीटवरचा दर आणून त्याला योग्य आकड्याने गुणायचं किंवा भागायचं. ब्रासचा दर फुटावर आणायचा असेल तर:

=इफ('मूळ दर'!ई२="","",'मूळ दर'!ई२/१००)

जीएसटी मिळवायचा असेल तर शेवटी *१.१८. काहीच बदलायचं नसेल तिथेही *१ लिहाच. त्यामुळे '८५/-' सारखा मजकूर चुकून राहून गेला असेल तर गुणाकार होऊ शकत नाही आणि चौकटीत व्हॅल्यूची चूक ठळक दिसते. त्या ओळीतला रंगही नाहीसा होतो. या चुका इफएरर लावून झाकू नका. झाकलेली चूक सभेत बाहेर येते.

सूत्राच्या सुरुवातीचा इफचा भाग अनेकजण गाळतात आणि फसतात. मूळ शीटवरची चौकट रिकामी असेल आणि तुम्ही तिचा साधा दुवा दिला, तर दुसऱ्या शीटवर रिकामी चौकट येत नाही, शून्य येतं. मिन रिकाम्या चौकटी वगळतं, शून्य वगळत नाही. मग ज्या ठेकेदाराने त्या कामाचा दर दिलेलाच नाही त्याचाच दर सर्वांत कमी ठरतो. इफमुळे रिकामं ते रिकामंच राहतं.

पैशांच्या अपूर्णांकांचाही एक घोळ होतो. भागाकारानंतर एक दर १६.५० आणि दुसरा १६.४९७ निघाला, तर पडद्यावर दोन्ही १६.५० दिसतात, पण रंग एकावरच पडतो. गुणाकार-भागाकाराच्या त्या भागाला राउंड(…,२) मध्ये गुंडाळा.

आता रंग

तक्ता इथपर्यंत आला की पुढचं सोपं आहे.

एक्सेलमध्ये होम टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग, त्यात टॉप/बॉटम रूल्स, त्यात बॉटम १० आयटम्स असा तयार पर्याय आहे. १० च्या जागी १ लिहिलं की सर्वांत कमी आकडा रंगतो. एकाच रकान्याची यादी असेल, उदाहरणार्थ बारा महिन्यांची वीजबिलं, तर हा पर्याय उत्तम. दरांच्या तक्त्याला तो कामाचा नाही. पूर्ण तक्ता निवडून तो लावलात तर चोवीस चौकटींतला एकच सर्वांत लहान आकडा रंगेल, खरवडण्याचा ७ रुपये. परांचीच्या ठोक रकमेची त्या ७ शी तुलना करण्यात काही अर्थ नाही. आपल्याला प्रत्येक ओळीतला कमी दर हवा आहे, आणि त्यासाठी सूत्राचा नियम लागतो.

डी२ वर क्लिक करून एफ९ पर्यंत ओढत निवड करा. निवड डी२ पासूनच सुरू व्हायला हवी, कारण सूत्र त्या पहिल्या चौकटीच्या दृष्टीने लिहायचं असतं. मग कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि यादीतला शेवटचा पर्याय: यूज अ फॉर्म्युला टू डिटरमाइन विच सेल्स टू फॉरमॅट. खाली लिहा:

=अँड(इझनंबर(डी२),डी२=मिन($डी२:$एफ२))

फॉरमॅटचं बटण दाबून फिकट हिरवा रंग आणि ठळक अक्षर निवडा, ओके करा.

यातलं डॉलरचं चिन्ह नीट समजून घ्या, सगळी गंमत त्याच्यात आहे. $डी२ म्हणजे रकाना डी पक्का, ओळ मात्र सरकू दे. नियम तिसऱ्या ओळीवर गेला की तो आपोआप डी३ ते एफ३ मधला कमी आकडा बघतो. $डी$२ असं दोन्हीकडे डॉलर लावलंत तर प्रत्येक ओळीची तुलना ओळ क्रमांक २ शीच होईल. डॉलर लावलाच नाहीत तर ई रकान्यात पोचल्यावर तो ई ते जी बघू लागेल. रंग विचित्र जागी पडला की सर्वांत आधी डॉलर तपासा.

इझनंबर (ISNUMBER) घातलंय ते रिकाम्या ओळींसाठी. एखाद्या कामाला कुणीच दर दिला नसेल तर मिनचं उत्तर शून्य येतं, रिकामी चौकट तुलनेत शून्याबरोबर धरली जाते, आणि खरोखर रिकामी असलेली अख्खी ओळ हिरवी होते. इझनंबर ते थांबवतं.

गूगल शीट्समध्ये बॉटम १० सारखा तयार नियमच नाही. तिथे फॉरमॅट मेनूत कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा, अप्लाय टू रेंजमध्ये डी२:एफ९ लिहा, अटींच्या यादीत अगदी खाली कस्टम फॉर्म्युला इज निवडा आणि वरचंच सूत्र जसंच्या तसं द्या. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये फॉरमॅट, कंडिशनल, कंडिशन या वाटेने जाऊन फॉर्म्युला इज निवडायचं. रंग तिथे स्टाइल म्हणून द्यावा लागतो. सूत्र तेच.

नियम लागला की त्याची परीक्षा घ्या. एका रंग नसलेल्या चौकटीत तात्पुरता १ टाइप करा. रंग उडी मारून तिकडे गेला पाहिजे. मग कंट्रोल झेड. प्रत्येक रकान्यात एकदा असं करून पाहा.

कुणाचा दर, आणि शून्य असेल तर

रंगाबरोबर नावही लिहिलेलं हवं. जी२ मध्ये हे सूत्र देऊन खाली ओढा:

=इंडेक्स($डी$१:$एफ$१,मॅच(मिन(डी२:एफ२),डी२:एफ२,०))

कमी दर ज्या रकान्यात आहे त्याचं शीर्षक, म्हणजे ठेकेदाराचं नाव, तिथे येईल. दोघांचा दर सारखाच असेल तर हे सूत्र डावीकडून पहिलं नाव देऊन थांबतं. रंग मात्र दोघांवरही पडतो, म्हणून बरोबरी ओळखायला रंगाकडे बघा.

शून्याबद्दल ठेकेदाराला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. राडारोडा उचलण्यापुढे ० लिहिलं असेल, तर 'ते बाकीच्या दरांत धरलंय' असा अर्थ असू शकतो किंवा 'ते माझं काम नाही' असाही. पहिला अर्थ असेल तर शून्य हा खरा दर आहे, राहू द्या, आणि दरपत्रकावर तसं लिहून घ्या. दुसरा असेल तर चौकट रिकामी करा. शून्य वगळूनच कमीत कमी आकडा हवा अशी वेळ आली तर मिनइफ्स वापरा:

=मिनइफ्स(डी२:एफ२,डी२:एफ२,">०")

हे एक्सेल २०१९ पासून आहे, गूगल शीट्समध्येही आहे. त्याआधीच्या एक्सेलमध्ये =मिन(इफ(डी२:एफ२>०,डी२:एफ२)) लिहून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावं लागतं.

दर आडवे न मांडता एकाखाली एक मांडले असतील, म्हणजे ठेकेदार, काम, दर असे तीन रकाने आणि साठ ओळी, तरी मिनइफ्सच उपयोगी. सी रकान्यातल्या दरांवर =सी२=मिनइफ्स($सी$२:$सी$६०,$बी$२:$बी$६०,$बी२) असा नियम लावला की प्रत्येक कामाचा सर्वांत कमी दर वेगवेगळा रंगतो.

एकूण रकमेचा सापळा

ओळीओळीने रंगवून झालं तरी काम बहुधा एकाच ठेकेदाराला द्यायचं असतं. परांची एकाची, रंग दुसऱ्याचा असं केलं की उद्या ओल आली तर जबाबदार कोण यावर दोघं भांडतात. म्हणून निर्णय एकूण रकमेवर होतो आणि ओळीतले हिरवे दर घासाघीस करताना कामी येतात: 'बाकी सगळं ठीक आहे, पण गच्चीचा तुमचा दर जास्त आहे, तेवढा खाली आणा.'

एकूण रक्कम म्हणजे प्रत्येक कामाचं परिमाण गुणिले दर, आणि त्यांची बेरीज. त्याला समप्रॉडक्ट वापरतात. पण समप्रॉडक्टला स्वल्पविरामाने दोन रकाने दिले की ते मजकूर आणि रिकामी चौकट यांना शून्य धरतं. ३,००० चौरस फूट गच्चीचा ८५ हा दर मोजणीतून निसटला, तर त्या ठेकेदाराची रक्कम २,५५,००० रुपयांनी कमी दिसेल आणि तोच सर्वांत स्वस्त ठरेल. ज्याने दोन कामांचे दर दिलेच नाहीत तोही असाच जिंकतो. म्हणून दहाव्या ओळीत, डी१० मध्ये, साधी बेरीज न टाकता हे टाका आणि उजवीकडे ओढा:

=इफ(काउंट(डी२:डी९)<८,"अपूर्ण",समप्रॉडक्ट($सी$२:$सी$९,डी२:डी९))

आठही कामांचे दर असतील तरच रक्कम येईल, नाहीतर 'अपूर्ण' हा शब्द. शब्द असल्यामुळे मिन त्याला मोजत नाही, म्हणजे अर्धवट दरपत्रक आपोआप स्पर्धेबाहेर राहतं. डी१० ते एफ१० वर आधीचाच नियम लावा, सूत्रातल्या २ च्या जागी १० लिहून.

फारच कमी दर

सर्वांत कमी दर नेहमीच चांगला असं मी मानत नाही. बाकी दोघे ९० आणि ९५ सांगत असताना एकजण ५५ म्हणत असेल, तर त्याने एक थर कमी धरलाय, मटेरियल हलकं धरलंय किंवा काम नीट बघितलेलं नाही. असे दर वेगळ्या रंगात दिसावेत म्हणून दुसरा नियम लावा. निवड तीच, डी२ ते एफ९:

=अँड(इझनंबर(डी२),डी२<०.७*मीडियन($डी२:$एफ२))

तीन दरांतला मधला दर मीडियन देतं. त्याच्या ७० टक्क्यांहूनही खाली असलेला दर नारिंगी होईल. वरच्या उदाहरणात मधला दर ९०, त्याचे ७० टक्के ६३, म्हणजे ५५ पकडला जातो. ७० हा आकडा मी अंदाजाने धरतो, तुम्ही कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदला. मॅनेज रूल्समध्ये जाऊन हा नियम हिरव्याच्या वर सरकवा, कारण एकाच चौकटीला दोन नियम लागू झाले तर वरच्याचा रंग टिकतो. दुसऱ्या क्रमांकाचा दर किती आहे ते =स्मॉल(डी२:एफ२,२) सांगतं. पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर शेजारच्या रकान्यात ठेवलंत तर बोलणी करताना हाताशी राहतं.

सभेत नेण्यापूर्वी

तक्ता काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर वाटला जाणार असेल तर फिकट हिरवा आणि फिकट नारिंगी दोन्ही सारखेच राखाडी दिसतात. काही सभासदांना लाल-हिरव्यातला फरक जाणवतही नाही. म्हणून हिरव्याला ठळक अक्षर आणि नारिंगीला तिरपं अक्षर व भोवती चौकटीची रेघ द्या, आणि नावाचा जी रकाना छपाईत ठेवाच.

ऐनवेळी चौथं दरपत्रक आलं तर नवा रकाना डी आणि एफ यांच्या मध्ये घाला. मग सूत्रं आणि नियम बहुतेक वेळा स्वतःच रुंदावतात. एफ नंतर जोडलात तर प्रत्येक सूत्रात एफ चा जी करावा लागतो, शिवाय ठेकेदाराच्या नावाचा रकानाही सरकतो. दुसरीकडून कॉपी केलेले आकडे चिकटवताना पेस्ट व्हॅल्यूज वापरा, कारण साध्या पेस्टने नियमांचे तुकडे होतात आणि मॅनेज रूल्समध्ये एकाच नियमाच्या पाच-सहा नकला दिसू लागतात. तसं झालं तर सगळे पुसून दोन नियम नव्याने लावणं सोपं.

सभासदांच्या ग्रुपवर एक्सेलची फाइल न टाकता पीडीएफ करून टाका. 'मूळ दर' हे शीटही त्यात जोडा आणि 'तुलना' शीटखाली एका ओळीत लिहा: सर्व दर प्रति चौरस फूट, जीएसटीसह, भेगांचे दर प्रति रनिंग फूट, परांची ठोक.